काळ्या पडद्यामागची कुमुदं

मार्चमध्ये भाची मला मुंबईत एका प्रदर्शनाला घेऊन गेली. फार प्रेमानं घेऊन गेली, हे आधी सांगते. मावशी दहा वर्षं पॅरिसला होती, मोनेच्या चित्रांवर जीव टाकते, हे तिला लहानपणापासून माहीत. म्हणून पहिल्या पगारातून तिनं दोन तिकिटं काढली. दारावर जाड काळा पडदा होता. तो सारून आत गेलो, तर मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात चारही भिंतींवर, छतावर, पायाखालच्या फरशीवर प्रोजेक्टरनं सोडलेली क्लोद मोनेची कुमुदं. ती हलत होती. पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या, पाण्यावर तरंग उठत होते, वरून पियानो वाजत होता. मिनिटभरात तळं विरून पॉपीचं शेत यायचं, शेत विरून कॅथीड्रल. लहान मुलं फरशीवरच्या फुलांवर उड्या मारत होती. मूळ चित्र एकही नव्हतं. एखाद्या चित्राची धड छापील प्रतसुद्धा नव्हती.

परतीच्या गाडीत भाचीनं विचारलं, "मावशी, आवडलं ना?" मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलल्याचं अजून मनाला लागून राहिलंय, म्हणून हे लिहायला बसले. ज्या माणसानं आयुष्याची शेवटची बारा वर्षं एका चित्रमालेत घातली आणि ती देशाला देताना वरून दिवसाचा उजेड पडेल अशी जागा मागितली, त्याला आपण काळ्या पडद्याआड नेऊन ठेवलं. येत्या ५ डिसेंबरला त्याला जाऊन शंभर वर्षं होतील.

त्याच्या आयुष्याचा पहिला अर्धा भाग सगळेच सांगतात, म्हणून तो भराभर सांगून टाकते. १८४० मध्ये पॅरिसला जन्म, बालपण ल आव्र या बंदराच्या गावी. शाळकरी वयात गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रं काढून विकायचा. यूजेन बुदँ या चित्रकारानं त्याला समुद्रकाठी उघड्यावर बसून रंगवायची गोडी लावली. मग अल्जीरियात लष्करी नोकरी, तिथं टायफॉइड, परत येऊन पॅरिसमध्ये ग्लेरचा स्टुडिओ आणि रेन्वार, सिस्ले, बाझिय हे सोबती. १८७४ मध्ये नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत या मंडळींनी स्वतःचं प्रदर्शन मांडलं. मोनेच्या 'इंप्रेशन, सनराइज'वरून एका टीकाकारानं टिंगलीनं त्यांना इंप्रेशनिस्ट म्हटलं आणि तेच नाव पुढं चिकटलं. ही हकिकत प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. मला तिच्यात कधी फारसा रस वाटला नाही.

त्या वर्षांतल्या दोनच गोष्टींपाशी मी थांबते. पहिली १८६६ ची. 'बागेतल्या स्त्रिया' हे अडीच मीटर उंचीचं चित्र त्यानं घराच्या बागेत, उघड्यावर रंगवायला घेतलं. वरच्या भागापर्यंत हात पोचेना. शिडीवर चढलं असतं तर बघण्याची जागा बदलली असती, नजरेची उंची बदलली असती. म्हणून त्यानं जमिनीत चर खणला आणि कप्पी लावून कॅनव्हासच खाली सोडला. पुढच्या वर्षी सलोंनं, म्हणजे सरकारमान्य प्रदर्शनानं, ते चित्र नाकारलं. बाझियनं ते अडीच हजार फ्रँकला घेतलं, तेही महिना ५० फ्रँकच्या हप्त्यानं, मित्राच्या घरात चूल पेटावी म्हणून. बाझिय १८७० च्या युद्धात मारला गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. १९२१ मध्ये तेच चित्र फ्रेंच सरकारनं दोन लाख फ्रँकला विकत घेतलं.

दुसरी गोष्ट कामीयची. कामीय दाँसिय त्याची बायको. त्या बागेतल्या स्त्रियांसाठी तीच उभी राहिली होती. सप्टेंबर १८७९ मध्ये व्हेतेय या खेड्यात, ३२ व्या वर्षी ती गेली. मोनेनं मृत्युशय्येवरचं तिचं चित्र काढलं. पुष्कळ वर्षांनी त्यानं आपल्या मित्राला, क्लेमांसोला सांगितलं, की तिच्या चेहऱ्यावर उतरत चाललेल्या निळ्या, पिवळ्या, करड्या छटा आपण न ठरवता टिपत होतो, हे ध्यानात आल्यावर आपलीच आपल्याला भीती वाटली. यावरून त्याला निर्दय म्हणणारे मी पुष्कळ ऐकलेत. माझे वडील कोल्हापुरात बोर्ड पेंटर होते. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी ते एका किराणा दुकानाचा बोर्ड रंगवायला बसले. घाई कुणालाच नव्हती, दुकानदारानं तर नको म्हणून सांगितलं होतं. त्या बोर्डवरची अक्षरं मी बघितलीत. एवढी नेमकी अक्षरं त्यांनी आयुष्यात दुसरी काढली नसतील. मला कामीयचं ते चित्र त्या बोर्डवरून समजलं.

१८८३ मध्ये मोने जिव्हर्नीला आला. सोबत आलीस ओशदे, तिची सहा आणि त्याची दोन मुलं. घर भाड्याचं होतं. १८९० मध्ये ते त्यानं २२ हजार फ्रँकला घेतलं आणि मग बागेच्या मागं लागला. १८९३ मध्ये रेल्वेच्या रुळांपलीकडची पाणथळ जागा घेऊन त्यानं ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी विरोध केला. या परदेशी वनस्पतींनी पाणी नासेल, गुरं मरतील, असं त्यांना वाटत होतं. मोने चिडला, अर्जामागून अर्ज केले आणि तळं केलंच.

ती फुलंही तेव्हा नवी होती. थंडी सोसणारी युरोपातली कुमुदं तोवर पांढरीच असत. लातूर-मार्लियाक नावाच्या रोपवाटिकावाल्यानं मेहनतीनं संकर करून पिवळ्या, गुलाबी, लालसर जाती तयार केल्या आणि १८८९ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडल्या. तिथूनच ती मोनेच्या तळ्यात गेली. आपल्याकडे या चित्रांना सरसकट 'मोनेची कमळं' म्हणतात. कमळाचं पान देठावर पाण्याच्या वर उभं राहतं, कुमुदाचं पाण्याला टेकून पसरतं. मोनेच्या चित्रात हाच सगळा खेळ आहे. पान आडवं, आणि त्याच्या शेजारच्या पाण्यात उलटं उभं पडलेलं झाड आणि आभाळ. उभी पानं असती तर आभाळ दिसलंच नसतं. म्हणून मी हट्टानं कुमुद म्हणते.

सहा-सात माळी होते. एक जण नावेतून फिरून रोज तळं साफ करायचा, पानांवरची धूळ धुवायचा. शेजारच्या रस्त्यावरून मोटारी धूळ उडवू लागल्या तेव्हा मोनेनं पदरचे पैसे घालून रस्त्यावर डांबर टाकून घेतलं. त्याआधीच, तळं करण्याच्या सुमारास, त्यानं एकच विषय वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवण्याचा धडाका लावला होता. गवताच्या गंजी, एप्ट नदीकाठचे पॉप्लर, रुआँचं कॅथीड्रल. पॉप्लर तर लिलावात तोडायला निघाले होते; चित्रं पुरी होईपर्यंत ती झाडं उभी राहावीत म्हणून त्यानं लाकूड व्यापाऱ्याला पैसे दिले. अनेक कॅनव्हास सोबत न्यायचे, उजेड बदलला की हातातला खाली ठेवून दुसरा घ्यायचा, अशी त्याची रीत.

इथं मला माझं एक जुनं देणं फेडायचंय.

१९८४-८५ ची गोष्ट. कोल्हापुरात मी चित्रकलेचा अभ्यासक्रम करत होते. पहाटे साडेपाचला सायकलच्या कॅरियरला बोर्ड बांधून आम्ही रंकाळ्यावर लँडस्केपला जायचो. मला संध्यामठाचं वेड लागलं. पाण्यात उभा असलेला तो दगडी मठ मी सहा वेळा काढला: धुक्यात, सात वाजता, दहा वाजता, भर दुपारी, पाऊस येण्याआधी आणि दिवेलागणीला. सहाही लँडस्केप सबमिशनला लावली. आमच्या एका सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "विषय संपले काय? एकच मठ सहादा काढून काय सिद्ध केलंस?" सहांपैकी एकच गुणांसाठी धरलं. पुढच्या वर्षी मी फुलं रंगवायला लागले तेव्हा तेच म्हणाले, की फुलं ही मुलींची हौस असते, भरतकामात शोभतील. मला तेव्हा उत्तर आलं नाही. कोटितीर्थाच्या पाण्याकडं वर्षानुवर्षं बघत बसलेल्या चित्रकार आबालाल रहिमानांच्या गावात हे मला ऐकून घ्यावं लागलं. मुंबईत फुलदाण्या रंगवत मोठे झालेले कृष्णाजी हौळाजी आरा तेव्हा हयात होते किंवा नुकतेच गेले होते. यातलं एकही नाव मला तेव्हा सुचलं नाही.

मोने मला भेटला तो त्याच सुमारास, रद्दीतल्या एका परदेशी मासिकाच्या पानावर. छपाई हिरवट, रंग एकमेकांवर सरकलेले, पण खाली लिहिलं होतं की या गवताच्या गंजींची अशी पंचवीसेक चित्रं आहेत. पंचवीस! ते पान मी वडलांना दाखवलं. आमच्या गल्लीत मोने आडनावाचं एक कुटुंब होतं. वडलांनी चष्मा सरळ करत विचारलं, "रत्नागिरीकडचे का?" मग बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो माणूस सावली काळ्यानं रंगवत नाही, बघ." एनॅमलच्या डब्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला ते पहिल्या नजरेत दिसलं. आमच्या वर्गात तीन वर्षांत कुणी ते सांगितलं नव्हतं.

१९९६ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही पॅरिसला गेलो आणि २००६ पर्यंत राहिलो. त्या दहा वर्षांबद्दल मी आजवर फार लिहिलं नाही. लोक मला आयफेल टॉवरबद्दल विचारतात. माझं पॅरिस म्हणजे त्युइलरी बागेच्या कोपऱ्यातली एक लांबट इमारत. ओरांजरी तिचं नाव. १८५२ मध्ये राजवाड्याच्या बागेतली संत्र्यांची झाडं हिवाळ्यात आत ठेवायला ती बांधली होती. झाडांना ऊन लागतं म्हणून तिच्या दक्षिणेला काचाच काचा.

मी पहिल्यांदा गेले ते नोव्हेंबरात. बारा वर्षं वाट बघितली होती. आत लंबगोल दालनं होती, भिंतींवर ती अवाढव्य चित्रं होती आणि मला काहीही झालं नाही. दालन तळघरासारखं वाटत होतं. वर बुटकं, बंद छत, त्यातून दिव्यांचा मेलेला उजेड. निळा मळकट, जांभळा राखाडी. मी बाकावर बसून राहिले आणि मला वाटलं, सरांचंच खरं असेल. खरंच वाटलं तसं. तासाभरानं दालनाची राखण करणारा म्हातारा जवळ आला. माझं फ्रेंच तेव्हा मोडकंतोडकं. त्यानं बोट वर केलं आणि हळूहळू सांगितलं: इथं वर काच होती, आता वर मजला आहे.

ती हकिकत मला पुढं तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. १९११ मध्ये आलीस गेली, १९१४ मध्ये थोरला मुलगा जाँ गेला. मोनेचं काम जवळजवळ थांबलं होतं. क्लेमांसोनं त्याला पुन्हा उभं केलं. महायुद्ध सुरू झालं, धाकटा मुलगा मिशेल आघाडीवर गेला, जिव्हर्नीतली माणसं घरं सोडून निघाली. हा मात्र हलला नाही. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यानं मोठा स्टुडिओ बांधायला काढला, वरून उजेड येणारा, आणि दोन-दोन मीटर उंचीच्या कॅनव्हासवर तळं रंगवायला लागला. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं क्लेमांसोला, म्हणजे फ्रान्सच्या पंतप्रधानाला पत्र लिहून दोन चित्रं देशाला देऊ केली. दोनाची पुढं २२ फलकांची आठ चित्रं झाली. दालनं लंबगोल हवीत, चित्रं नजरेच्या पातळीवर हवीत, उजेड वरून हवा, या सगळ्यांत त्याचा जीव होता. एप्रिल १९२२ मध्ये दानपत्र झालं. तरी तो चित्रं हातावेगळी करेना. पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, आणि १९२५ मध्ये क्लेमांसो त्याच्यावर इतका भडकला की मैत्री तुटायची वेळ आली. मोने जिवंत असेपर्यंत एकही फलक घराबाहेर गेला नाही. दालनं उघडली १७ मे १९२७ ला, तो गेल्यावर पाच महिन्यांनी.

आणि लोक आलेच नाहीत. इंप्रेशनिझम जुना झाला होता, क्युबिझमवाल्यांना ही चित्रं म्हणजे भिंतीवरची सजावट वाटत होती. १९४४ मध्ये पॅरिसच्या मुक्तीच्या लढाईत इमारतीवर तोफगोळे पडले. आंद्रे मासों या चित्रकारानं १९५२ मध्ये या दालनांना इंप्रेशनिझमचं सिस्टीन चॅपल म्हटलं, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९५५ मध्ये कुमुदांचं एक भलंमोठं चित्र विकत घेतलं, आणि कुठं लोकांचं लक्ष वळायला लागलं होतं. नेमकं तेव्हाच, १९६० नंतर, दुसऱ्या एका मोठ्या संग्रहाला जागा हवी म्हणून ओरांजरीत वर मजला चढवला. ज्या काचांतून उजेड खाली यायचा त्यांच्यावर काँक्रीट आलं. संत्र्याच्या झाडांना ऊन मिळावं म्हणून बांधलेल्या इमारतीत मोनेच्या तळ्यावर चाळीस वर्षं अंधार केला गेला. तो संग्रह चांगला आहे, त्यात सेझान आहे, रेन्वार आहे. पण त्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर पाय द्यायचा? देशाला दान दिलेल्या वस्तूची ही गत होते, याचा मला आजही संताप येतो.

हे सगळं मी १९९८ मध्ये एका मराठी साप्ताहिकासाठी लिहिलं. संपादकांनी छताचा सगळा मजकूर कापला, मोनेच्या बागेतल्या फुलांची नावं ठेवली आणि वर चौकटीत टाकलं 'पॅरिसची रम्य भटकंती'. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं की वाचकाला काँक्रीटमध्ये रस नसतो. आज अठ्ठावीस वर्षांनी मी तो मजकूर इथं लिहिला. वाचकाला रस आहे की नाही, ते वाचकानं ठरवावं.

जानेवारी २००० मध्ये ओरांजरी बंदच झाली. तो मजला काढून टाकायचं ठरलं होतं. दोन-तीन वर्षांत होईल म्हणत होते. चित्रं भिंतींना चिकटवलेली असल्यामुळं हलवता येणार नव्हती. ती जागच्या जागी पेट्यांत बंद करून भोवती हातोडे चालू झाले. मी आठवड्यातून एकदा तरी त्या पत्र्याच्या कुंपणावरून जायची. नंतर खोदकामात पॅरिसच्या जुन्या तटबंदीची भिंत सापडली आणि काम लांबलं. सहा वर्षं!

ती वर्षं मी मार्मोतान संग्रहालयात काढली. मिशेल मोनेनं, म्हणजे धाकट्या मुलानं, वडलांची घरातली सगळी चित्रं या संग्रहालयाला ठेवली. तो १९६६ मध्ये मोटार अपघातात गेला. जगातला मोनेचा सगळ्यात मोठा संग्रह तिथं आहे, आणि तोही जमिनीखालच्या दालनात. तिथं जपानी पुलाची उशिराची चित्रं आहेत. पूल ओळखू येत नाही. तांबडा, विटकरी, करपलेला पिवळा, रंगांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या. मला ती बघवायची नाहीत. लोक म्हणायचे, हा तर पुढच्या अमूर्त चित्रकलेचा आरंभ. असेलही.

२००२ मध्ये वडलांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला यायला जमलं नाही, फोनवर बोलले. पट्टी काढल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पोरी, आपली भिंत निळी हाय की गं! मी इतकी वर्षं पिवळी समजत होतो." घराची ती भिंत त्यांनीच रंगवली होती. मला रडू आलं, आणि दुसऱ्या दिवशी मी मार्मोतानला गेले. मोनेला १९१२ मध्ये मोतीबिंदू सांगितला होता. ऑपरेशनच्या भीतीनं तो दहा वर्षं टाळत राहिला. ट्यूबवरची नावं वाचून, पॅलेटवर रंगांच्या जागा ठरवून रंगवत राहिला. तांबडे त्याला मातकट दिसायला लागले, निळे जवळजवळ गेलेच. १९२३ मध्ये कुतेला या डॉक्टरनं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, आणि मग उलटं झालं: सगळं भयंकर निळं दिसायला लागलं. रंगीत काचांचे चष्मे लावून लावून त्यानं अखेर कशीतरी जुळणी केली, आणि मधल्या काळातली काही चित्रं नव्या डोळ्यानं बघून फाडून टाकली. उरलेली ती पुलाची. त्या दिवशी मला ती चित्रं बघवली. एक माणूस पिवळ्या पडलेल्या काचेतून निळं तळं शोधत होता, एवढंच मला दिसलं, आणि मी तिथं दोन तास उभी राहिले.

जिव्हर्नीला मी त्या दहा वर्षांत नऊ वेळा गेले. सँ-लाझार स्टेशनवरून व्हेर्नोंची गाडी धरायची. त्याच स्टेशनचा धूर मोनेनं १८७७ मध्ये रंगवला होता. व्हेर्नोंहून पाच-सहा किलोमीटर सायकलनं किंवा पायी. ही बागही एकदा मेलेली होती, हे पर्यटकांना कुणी सांगत नाही. सावत्र मुलगी आणि सून असं दुहेरी नातं असलेली ब्लांश, जी स्वतः चित्रकार होती, तिनं १९४७ पर्यंत ती सांभाळली. ती गेल्यावर बघणारं कुणी उरलं नाही. घराच्या तुळया कुजल्या, काचघरं फुटली, तळं गाळानं भरलं, पूल सडून गेला. १९७७ पासून जेराल्ड व्हान देर केंप यांनी, पुष्कळशा अमेरिकन देणग्यांवर, ते सगळं पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये बाग लोकांना खुली झाली. तळं पुन्हा खणलं, पूल पुन्हा बांधला. म्हणजे जिव्हर्नीत आपण बघतो ते मोनेच्या चित्रांवरून, पत्रांवरून, जुन्या फोटोंवरून पुन्हा लावलेलं असतं. मला यात काही खोटं वाटत नाही. बाग अशीच जगते, कुणीतरी दरवर्षी नव्यानं लावली तरच. १९९७ च्या ऑक्टोबरात एका सकाळी पुलावर आम्ही चारच माणसं होतो. एक माळी नावेत बसून लांब काठीनं सडकी पानं बाजूला करत होता. पानाखालून मोकळं झालेलं पाणी आधी काळं दिसायचं, मग त्यात हळूहळू आभाळ यायचं. तो क्षण आता तिथं मिळत नाही. नंतरच्या एका खेपेला पुलावर उभं राहायला रांग होती आणि मागचा माणूस खांद्याला हात लावून सरका म्हणत होता.

मे २००६. ओरांजरी उघडली. पहिल्याच आठवड्यात मी रांगेत उभी राहिले. पाऊस येऊन गेला होता, ढग पळत होते. काँक्रीटचा मजला गेला होता, दुसरा संग्रह जमिनीखाली नेला होता, आणि चित्रांवर पुन्हा आभाळाचा उजेड होता, पांढऱ्या पडद्यातून गाळून येणारा.

मी पहिल्या दालनात बाकावर बसले. समोर 'ढग' होतं. सुरुवातीला काही घडलं नाही. खोटं कशाला सांगू, दहा वर्षांपूर्वीची धास्ती मनात होती. मग बाहेर ऊन आलं असावं. चित्रातला गुलाबी ढग पाण्याच्या तळातून वर आला. दुसरा शब्द मला सापडत नाही, तो वर आला. दोन मिनिटांनी बाहेर सावट आलं आणि तो ढग पुन्हा खाली गेला, त्याच्या जागी जांभळट हिरवं पाणी उरलं. रंग तोच, कॅनव्हास तोच, काही हललं नव्हतं. शेजारी एक म्हातारी फ्रेंच बाई बसली होती. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिलाही ते दिसलं होतं. आम्ही एक शब्द बोललो नाही. मी सकाळी दहाला गेले होते, संग्रहालय बंद व्हायच्या वेळी उठले. दुसऱ्या दालनात विलोंच्या खोडांमधलं पाणी संध्याकाळी इतकं दाट झालं, की मला रंकाळ्यावरची दिवेलागण आठवली, माझ्या सहा चित्रांतली शेवटची.

त्या सहांचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं, पण ते ज्यांना द्यायचं ते सर कधीच निवृत्त होऊन गेले होते.

आता या चित्रांचं काय चाललंय? गवताच्या गंजीचं एक चित्र २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी ७ लाख डॉलरला गेलं. तेच चित्र २०२२ मध्ये जर्मनीत पॉट्सडामच्या संग्रहालयात टांगलेलं असताना हवामानाच्या प्रश्नावर लढणाऱ्या तरुणांनी त्यावर कुस्करलेले बटाटे फेकले. काच होती म्हणून चित्र वाचलं. त्या मुलांची काळजी खरी आहे, पृथ्वीबद्दलची. पण झाडं तुटू नयेत म्हणून व्यापाऱ्याला पैसे देणारा आणि तळ्यातल्या पानांवरची धूळ धुऊन घेणारा माणूसच त्यांना बटाटे फेकायला सापडावा, याचं मला वाईट वाटतं. आणि आमच्याकडे तो काळा पडदा. मोनेचं चित्र स्थिर असतं आणि उजेड बदलतो. त्या हॉलमध्ये चित्र पळत होतं आणि उजेड मेलेला होता. ओरांजरीत तळ्यावर काँक्रीट घातलं होतं, इथं तळंच काढून टाकलंय. तिथं गेलेली लहान मुलं आता समजणार की मोने म्हणजे हलणारी फुलं. त्यांना कुणी एका चित्रासमोर तासभर बसवणार नाही, कारण दर मिनिटाला नवं काही आलं नाही तर पैसे वसूल झाले असं वाटत नाही.

रंकाळ्यावरही मी हल्ली जाते. मधली कित्येक वर्षं तो केंदाळानं हिरवा झालेला बघितला. आता काठावर रंगीत दिवे आहेत, आणि दिवेलागणीचा जो उजेड पाण्यावर पंधरा मिनिटं थांबायचा, तो त्या दिव्यांत दिसत नाही. मठ आहे. पहाटे अजून दिसतो. भाचीला मी सांगितलंय, एकदा पहाटे साडेपाचला ये. ती हो म्हणाली आहे. त्या वेळी मी तिला हेही सांगणार आहे, की मार्चमध्ये मी खोटं बोलले.

पॅरिस सोडायच्या आधी, २००६ च्या ऑक्टोबरात, मी शेवटची जिव्हर्नीला गेले. त्या दिवशी बागेत गेलेच नाही. गावातल्या सेंत-रादगोंद चर्चशेजारी मोनेला पुरलंय, घरच्यांच्या सोबत. वर फुलझाडं लावलेली. तो १९२६ च्या ५ डिसेंबरला दुपारी गेला, ८६ वर्षांचा होऊन. अंत्यविधी साधा असावा असं त्यानं सांगून ठेवलं होतं. क्लेमांसो, तोही तेव्हा ८५ वर्षांचा, पॅरिसहून आला. सांगतात, की शवपेटीवर रिवाजाप्रमाणं काळं कापड घातलेलं त्यानं बघितलं आणि ते ओढून काढलं. मोनेवर काळं नको, म्हणाला. मग घरातला खिडकीचा फुलाफुलांचा जुना पडदा घेतला आणि स्वतःच्या हातानं त्याच्यावर घातला.